आतल्या टायरची हवा: ट्रेलरवर बसवलेल्या प्रेशर सेन्सरचा १४ महिन्यांचा अनुभव

टायर सांभाळणं हे माझं रोजचं काम. आमच्याकडे १२ ट्रॅक्टर, म्हणजे ट्रेलर ओढणारे ट्रकचे पुढचे भाग, आणि १८ ट्रेलर आहेत. ट्रॅक्टरला १० टायर, ट्रेलरला तीन एक्सलवर मिळून १२: एक्सलच्या प्रत्येक टोकाला दोन टायरांची जोडी, एक आतला आणि एक बाहेरचा. स्टेपन्या सोडल्या तरी ३३६ टायर होतात, आणि त्यातल्या प्रत्येकाची माझ्या रजिस्टरमध्ये एक ओळ आहे: कुठल्या चाकावर बसलाय, किती किलोमीटर चाललाय, नक्षी (रस्त्याला टेकणाऱ्या रबरावरच्या खाचा) किती उरली, शेवटची हवा किती होती. १४ महिन्यांपूर्वी १२ ट्रेलरवर आम्ही हवेचा दाब आणि तापमान सांगणारे सेन्सर बसवले. व्हॉल्व्हवर टोपीसारखा फिरवून बसवायचा हा सेन्सर, ट्रेलरच्या चेसिसवर सिग्नल पुढे ढकलणारा एक डबा, आणि ड्रायव्हरसमोर हाताच्या पंजाएवढा स्क्रीन. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. या प्रकारचे सेन्सर बरेच जण बनवतात आणि मला जे सांगायचंय ते कुठलाही संच घेणाऱ्याच्या उपयोगाचं आहे.

वस्तू चांगली आहे. मी परत घेईन, घेतेच आहे. पण बसवताना झालेल्या चुकांमुळे पहिले दोन महिने ती जवळपास वाया गेली होती, आणि त्या चुका टाळता येण्यासारख्या होत्या.

आधी हे घेतलं का, ते सांगते.

एका ट्रेलरचा मधल्या एक्सलवरचा उजवा बाहेरचा टायर चालत्या गाडीत फुटला. मडगार्ड उचकटला, ब्रेकची हवेची नळी तुटली, ब्रेक लागून गाडी आपोआप थांबली. ड्रायव्हर सुखरूप होता, मागून कोणी येत नव्हतं, म्हणून निभावलं. सगळ्यांना वाटलं बाहेरचा टायर खराब निघाला. मी दोन्ही टायर यार्डात आणून खोलायला लावले. बाहेरच्याच्या चिंध्या झाल्या होत्या, त्यात बघण्यासारखं फार नव्हतं. आतला मात्र वरून धडधाकट दिसत होता. नक्षी ९ मिलिमीटर, कुठे कट नाही. रिमवरून उतरवल्यावर त्यातून मूठभर काळा भुगा सांडला, कॉफीच्या पुडीसारखा. आतल्या बाजूने साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, हात फिरवला तर एक खडबडीत पट्टा पूर्ण गोल गेलेला, रबर सोलून निघालेलं, एके ठिकाणी तारांची टोकं ब्रशसारखी बाहेर आलेली. हा टायर कमी हवेवर कित्येक दिवस चालला होता. व्हॉल्व्हला टोपी नव्हती. व्हॉल्व्हच्या आतल्या पिनेच्या स्प्रिंगमध्ये मातीचा एक कण अडकला होता, साबणाचं पाणी लावल्यावर मिनिटाला एखादा बुडबुडा यायचा. एवढ्याशा बुडबुड्याने दोन टायर खाल्ले.

हिशोब साधा आहे. आमचे टायर २९५/८० आर २२.५ मापाचे, त्यावर १५२/१४८ असा भार क्रमांक छापलेला. म्हणजे टायर एकटा असेल तर ३,५५० किलो, जोडीत असेल तर प्रत्येकी ३,१५० किलो. एक्सलवर ८ टन असले तर चार टायरांच्या वाट्याला २-२ टन येतात, कोणाला काही जड नाही. पण जोडीतल्या एकाने अंग काढून घेतलं की त्याच्या शेजाऱ्यावर ४ टन येतात, त्याच्या ताकदीपेक्षा साडेचारशे किलो जास्त. बाहेरचा टायर फुटला तो आतल्याच्या पापाने.

आणि आतला टायर कोणाला दिसतच नाही. गाडी उभी असते तेव्हा बाहेरचा टायर त्याला झाकतो, आणि भार बाहेरच्याने उचललेला असल्यामुळे आतला बसलेलाही वाटत नाही. व्हॉल्व्ह बाहेरच्या रिमच्या खिडकीतून हात घालून शोधावा लागतो. अंधारात, पावसात, रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाने रोज सहा आतले टायर गेजने मोजावेत ही अपेक्षा मी केली होती. आता कळतं की ती फक्त माझ्या रजिस्टरमध्येच पूर्ण होत होती. १०५, १०५, १०५ असे पीएसआयचे (हवेच्या दाबाचं माप) आकडे ओळीने लिहिलेले सापडले की समजायचं, गेज लागलेलं नाही. खऱ्या टायरांची हवा इतकी सारखी कधी नसते.

आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. ते लोखंडी टॉमीने टायर ठोकून बघतात आणि आवाजावरून हवा सांगतात. मामांबद्दल मला अतोनात आदर आहे, म्हणून एकदा त्यांच्याबरोबर नीट बसून ही परीक्षा केली. एका ट्रेलरचे बारा टायर त्यांनी ठोकले, त्यांनी सांगितलेलं मी लिहिलं, मग गेज लावलं. अगदी बसलेला एक टायर त्यांनी बरोबर पकडला. पण ११० चा टायर आणि ८४ चा टायर दोन्हींना त्यांनी ‘ठीक’ म्हटलं. मामा स्वतःच थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ताई, म्हणजे इतकी वर्षं मी फक्त पंक्चर झालेलाच ओळखत होतो.” त्यांनी हे ज्या मोकळेपणाने मान्य केलं, त्यामुळे बाकीच्या ड्रायव्हरांना समजावणं मला सोपं गेलं.

८४ आणि ११० मधला फरक किरकोळ वाटतो, पण घोडं तिथेच पेंड खातं. ठरलेल्या हवेच्या २० टक्के खाली गेलेला टायर हा पंक्चर झालेलाच समजायचा, असा या धंद्यातला नियम आहे. आमच्या ठरलेल्या ११० ला ८८ ही लक्ष्मणरेषा. त्याखाली चाललेल्या टायरात नुसती हवा मारून पुढे जायचं नसतं. साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, तापते, आतल्या पोलादी तारा एकेक करून तुटत जातात. वरून काही दिसत नाही. मग तुम्ही हवा भरायला लागता आणि उरलेल्या तारा झिप उघडावी तशा एका ओळीत तुटतात. शेजारी वाकून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यासमोर १०० पीएसआयचा स्फोट होतो. म्हणून असा टायर उतरवायचा, आतून तपासायचा, आणि भरायचा तर स्फोट अडवणाऱ्या लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, चिमट्याने अडकणाऱ्या नळीने, बाजूला उभं राहून. अमेरिकेत ओशा या कामगार-सुरक्षेच्या सरकारी खात्याच्या १९१०.१७७ या नियमात पिंजरा, अडकणारी नळी आणि मधलं गेज हे सगळं लिहून सक्तीचं केलेलं आहे. आमच्याकडे पिंजरा आधीपासून होता, पण त्यात पंक्चरचं सामान ठेवलेलं असायचं. ते मी त्याच आठवड्यात बाहेर काढलं.

तर सेन्सर घ्यायचं ठरलं. ट्रॅक्टर सोडून आधी ट्रेलरवर, हा निर्णय माझा होता आणि तो बरोबर ठरला. ट्रॅक्टर रोज कोणाच्या तरी हाताखालून जातो, त्याला एक ठरलेला ड्रायव्हर असतो. ट्रेलर कोणाचाच नसतो. माल उतरेपर्यंत आठवडाभर कुठेतरी उभा राहतो, मग भलत्याच ट्रॅक्टरला जोडला जातो, आणि ज्याने जोडला तो म्हणतो, हवा आधीच्याने बघितली असेल.

बसवायला कंपनीची दोन मुलं आली. कामाला चपळ होती. दुपारी तीनला सुरुवात केली, आणि ज्या गाड्या नुकत्याच फेरीवरून येत होत्या त्यांना ओळीने सेन्सर लावत गेली. एक सेन्सर लावला की स्क्रीनवर जो आकडा येईल तोच ‘मूळ हवा’ म्हणून पक्का करायचा आणि पुढे जायचं. मी तेव्हा दुसऱ्या कामात होते. दुसऱ्या दिवशी पहाटे यार्डातल्या सगळ्या स्क्रीनांनी एकदम बोंब मारली. प्रत्येक ट्रेलर, जवळजवळ प्रत्येक चाक, इशाऱ्यावर.

झालं असं होतं की मूळ हवा तापलेल्या टायरांची नोंदवली गेली होती. टायरची हवा थंड असतानाच मोजायची, म्हणजे गाडी निदान तीन-चार तास उभी राहिल्यावर. पहाटे २० अंशाला ११० असलेला टायर चालून ६० अंशाला पोहोचला की त्याच हवेचा दाब १२७ च्या आसपास जातो. या दाबाला दर १० अंशांमागे साधारण ४ पीएसआय, असा मी अंदाज धरते. हवा तेवढीच असते, नुसती फुगलेली असते. मुलांनी १२५ हा मूळ आकडा धरला, १० टक्के खाली गेलं की पहिला इशारा, म्हणजे ११२.५ च्या खाली. पहाटेची बरोबर ११० ची हवा यंत्राच्या हिशोबाने कमी ठरली.

हे इथवर असतं तर एक सकाळ वाया गेली असती, बस. पण तीन ड्रायव्हरांनी स्क्रीन गप्प करायला थंड टायरात १२५ हवा भरली आणि निघून गेले. ते टायर रस्त्यात १४० च्या वर गेले. दोघांना फोन करून थांबवलं आणि सांगितलं, आता हवा सोडू नका, नुसते थांबा, थंड होऊ द्या, मग सोडा. तापलेल्या टायरातली हवा सोडली की थंड झाल्यावर तो कमी हवेचा होतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात. तिसऱ्याचा फोन लागला नाही आणि तो दिवस मी कसा काढला ते मला माहीत.

कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं की आकडे ग्राहकाने स्वतः बदलून घ्यायचे असतात. हे त्यांनी बसवतानाच सांगायला हवं होतं. चार दिवसांनी एक जण आला, तोही पुन्हा दुपारीच. त्याला मी यार्डात रात्री थांबायला सांगितलं नाही, फक्त त्याच्याकडून आकडे कसे बदलायचे ते शिकून घेतलं. मग दोन पहाटे मी आणि मदतनीस मुलाने मिळून १४४ टायर गेजने मोजले, हवा सारखी केली आणि मूळ आकडे नव्याने घातले. त्या दिवसापासून यंत्र खरं बोलायला लागलं. कोणी हा संच घेणार असेल तर माझी हात जोडून विनंती आहे: बसवणारा कितीही घाईत असला तरी मूळ हवा थंड टायरावर नोंदवून घ्या, आणि ती किती असावी ते तुम्ही ठरवा, टायर कंपनीच्या भार-हवेच्या तक्त्यावरून. स्क्रीनवर जे दिसेल ते नव्हे.

दुसरी अडचण जास्त गंभीर होती. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हपर्यंत सेन्सर नेण्यासाठी त्यांनी वाढीव नळ्या दिल्या होत्या. बाहेरून जाळी असलेल्या, वाकणाऱ्या रबरी नळ्या. त्या बाहेरच्या रिमच्या खिडकीतून काढून हबच्या (चाकाच्या मध्यभागाच्या) बाजूला पट्टीवर अडकवायच्या. सेन्सरचं वजन नळीच्या टोकाला, चाक फिरताना ते टोक थरथरणार, आणि नळी रिमच्या कडेला घासणार. सातव्या आठवड्यात एकामागून एक गळत्या सुरू झाल्या. जी हवा राखायला यंत्र आणलं तेच हवा घालवायला लागलं. एक नळी मी कापून बघितली: जाळी झिजून आतलं रबर नखाएवढ्या जागेत पातळ झालेलं, वाकवलं की चीर उघडायची. सगळ्या ७२ नळ्या काढल्या आणि त्या जागी धातूच्या आखूड वाढीव नळ्या बसवल्या, रिमच्या मापाच्या, पकडीसह, जेणेकरून हलायला जागाच नको. त्यानंतर नळीमुळे एकही गळती नाही. बाहेरच्या टायरांना थेट धातूच्या व्हॉल्व्हवर सेन्सर आहेत, तिथे सुरुवातीपासून त्रास नव्हता.

या बाबतीत मी कंपनीला माफ करू शकत नाही. नळीचा दर्जा हा ग्राहकाने शोधून काढायचा विषय नाही. त्यांनी पुढे अर्ध्या नळ्यांचा परतावा दिला, तोही सहा वेळा लिहिल्यावर.

आता यंत्राने काय दिलं ते. हे लिहिताना मला बरं वाटतंय, कारण इथे त्याने खरोखर पैसा वसूल केलाय.

पहिलं, सावकाश जाणारी हवा. झटक्यात पंक्चर झालं तर ड्रायव्हरला कळतंच. दिवसाला दोन-तीन पीएसआय जाणारा टायर मात्र पूर्वी मला महिन्याच्या तपासणीत सापडायचा, म्हणजे तेव्हा तो पन्नास-साठने खाली असायचा आणि केसिंग, म्हणजे नक्षीखालचा टायरचा सांगाडा, खलास. आता तो १० टक्क्यांवर सापडतो. रजिस्टरमध्ये बघितलं तर गेल्या १४ महिन्यांत या १२ ट्रेलरवर असे ३१ टायर पिवळ्या इशाऱ्यावर पकडले. त्यातले अर्धे तर व्हॉल्व्हचेच निघाले, पिन सैल, वायसर दबलेला. बाकीचे खिळे. खिळ्याचे सगळे आतून पॅच-प्लग लावून दुरुस्त झाले, कारण वेळेत हाती आले. ट्रकच्या टायरात नक्षीच्या पट्ट्यातलं १० मिलिमीटरपर्यंतचं भोक दुरुस्त करता येतं, पण साइडवॉल भाजून गेली असेल तर भोक सुईएवढं असलं तरी टायर भंगारात. केसिंग शाबूत राहिलं तरच त्यावर पुन्हा नक्षी चढवता येते. माझ्या लेखी या यंत्राची खरी कमाई वाचलेल्या केसिंगची आहे, इंधनाची नंतर.

दुसरं, तापमान. हे मला विकणाऱ्यानेही नीट सांगितलं नव्हतं. एका रात्री मामांच्या स्क्रीनवर मागच्या एक्सलचे डाव्या बाजूचे दोन्ही टायर ८८ अंश दाखवायला लागले, बाकीचे दहा ५५ ते ६० मध्ये. हवा कुठेही कमी नव्हती, उलट त्या दोघांची वाढलेली. मामांनी गाडी बाजूला घेतली, मला फोन केला. मी म्हटलं, हबजवळ हात न लावता नुसता हात धरून बघा. ते म्हणाले, तव्यासारखी धग येतेय. ब्रेक सुटत नव्हता. ब्रेकच्या चेंबरच्या आतली स्प्रिंग तुटून अडकली होती आणि लायनर ड्रमला घासत गाडी चालली होती. हे असंच पुढे गेलं असतं तर आधी हबचं ग्रीस वितळलं असतं, मग बेअरिंग, मग टायरला आग. ट्रेलरच्या मागच्या चाकाला लागलेली आग ड्रायव्हरला दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्या रात्री मामा पहाटेपर्यंत मेकॅनिकची वाट बघत बसले, आणि मी फोन उशाशी घेऊन जागी होते, पण माझा जीव भांड्यात पडलेला होता.

तेव्हापासून ड्रायव्हरांना मी एकच गोष्ट शिकवली आहे: एका टायरचा आकडा एकटा बघू नका, शेजाऱ्याशी ताडून बघा. उन्हाची बाजू जरा जास्त तापणार, ते ठीक. पण एकाच एक्सलवर डावं-उजवं २० अंशांनी वेगळं दिसलं की थांबायचं. जोडीतले दोघे हवेत ५ पीएसआयपेक्षा जास्त वेगळे दिसले की पुढच्या थांब्यावर गेज लावायचं.

जोडीवरून आठवलं. हवा सारखी असूनही एका ट्रेलरवर आतला टायर सतत जास्त गरम दिसायचा. सेन्सर बदलून बघितला, तेच. शेवटी पट्टीने मापलं तर आतला नवा आणि बाहेरचा अर्धा झिजलेला, व्यासात १० मिलिमीटरचा फरक. एवढ्या मापाच्या टायरांत जोडीचा फरक व्यासात ६ मिलिमीटरच्या आत असायला हवा. मोठा भार उचलतो आणि तापतो, लहान फरफटत घासला जातो. ही जोडी मीच घाईच्या दिवशी लावायला सांगितली होती. यंत्राने माझी चूक मला दाखवली.

जे यंत्र करत नाही ते नीट समजून घ्या, नाहीतर त्याच्या भरवशावर जास्त नुकसान होईल. ते नक्षीची खोली मोजत नाही. साइडवॉलचा कट, फुगवटा, जोडीच्या मधे अडकलेला दगड त्याला दिसत नाही. अलाइनमेंट बिघडली की नक्षीच्या कडा करवतीसारख्या होतात, एका बाजूने हात फिरवला तर गुळगुळीत आणि उलट फिरवला तर बोचतात. ते फक्त तळहाताला कळतं. खांद्यावर वाटीसारखे खड्डे पडले तर तोल किंवा सस्पेन्शन बघायचं, एकाच जागी चपटा डाग दिसला तर ब्रेक जाम होऊन चाक घसटलंय असं समजायचं. तीन एक्सलच्या ट्रेलरला जागच्या जागी वळवलं की चाकं आडवी फरफटतात, त्याने होणारी झीज तर कुठलाच सेन्सर सांगणार नाही. त्यासाठी यार्डात वळण्याची जागा मोठी केली, एवढंच. नट सैल झाले तरी सेन्सर गप्पच राहतो. चाक बदललं की टॉर्क रेंचने आवळायचं आणि ८० ते १६० किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळायचं, ही चिठ्ठी अजूनही स्टिअरिंगला बांधूनच पाठवतो.

माझी नक्षीची मोजणी महिन्यातून एकदा होते, तीन जागी, आणि सगळ्यात कमी आकडा लिहायचा. अमेरिकेच्या केंद्रीय नियमात स्टिअरिंगच्या चाकांना किमान ४/३२ इंच, म्हणजे ३.२ मिलिमीटर, आणि बाकीच्यांना २/३२ इंच, म्हणजे १.६ मिलिमीटर आहे. मी त्याच्याही बरंच आधी काढते, कारण केसिंग खडे टोचून खराब व्हायच्या आत नवी नक्षी चढवायला पाठवायचं असतं. साइडवॉलवरचा चार आकडी शिक्का पण बघते. २३२१ असेल तर २०२१ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. गोदामात पडून राहिलेल्या स्टेपन्या याच शिक्क्यावरून पकडल्या जातात.

कोणी विचारेल, मग ट्रेलरवर आपोआप हवा भरणारी यंत्रणाच का नाही घेतली? तीही चांगली आहे. ब्रेकच्या टाकीतली हवा एक्सलमधून, हबच्या टोपीतल्या फिरत्या जोडातून टायरला जाते, आणि ब्रेकची हवा एका मर्यादेखाली जाऊ नये म्हणून संरक्षक व्हॉल्व्ह असतो. लांब पल्ल्यावर, वाटेत थांबायची सोय नसलेल्या गाड्यांना मी तीच सुचवेन. पण आमच्या जुन्या एक्सलना ती बसवणं म्हणजे मोठी खोलाखोल. शिवाय गळका टायर ती गुपचूप भरत राहते. दिवा लागल्याकडे ड्रायव्हरने लक्ष दिलं नाही तर आत खिळा आहे हे कळतच नाही. मला आधी आजार कळायला हवा होता.

सेन्सर विकायला आलेल्याने बरोबर नायट्रोजनही खपवायचा प्रयत्न केला. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. कोरडा असल्याचा आणि थोडा सावकाश झिरपण्याचा फायदा आहे, पण तापल्यावर तोही तेवढाच फुगतो आणि मोजावा तर लागतोच. मी नको म्हटलं आणि त्या पैशात सहा चांगली गेज आणि व्हॉल्व्हच्या ५०० धातूच्या टोप्या घेतल्या. रबरी वायसर असलेल्या धातूच्या टोप्या. हवा अडवायचं मुख्य काम टोपीचंच असतं, पिन त्यानंतर. ट्रॅक्टरांवर आणि उरलेल्या ट्रेलरांवर एकही उघडा व्हॉल्व्ह मी आता राहू देत नाही.

गेज मात्र दर महिन्याला एका ठेवणीतल्या मास्टर गेजशी ताडते. ड्रायव्हरकडचं गेज खाली पडतं, टूलबॉक्समध्ये पान्ह्याखाली चेपतं, आणि ८ पीएसआयने खोटं बोलायला लागतं. स्क्रीन आणि गेज यांच्यात फरक आला तर पहिल्या वर्षात नऊ वेळा गेज चुकीचं निघालं आणि चार वेळा सेन्सर.

बॅटरीबद्दल थोडं. सेन्सरची बॅटरी बदलता येते, हे घेताना बघून घ्या. आमच्या ११ सेन्सरच्या बॅटऱ्या आत्तापर्यंत संपल्या. स्क्रीनवर आकड्याच्या जागी आडवी रेघ येते, आणि नवखा ड्रायव्हर ती ‘सगळं ठीक’ समजतो. हे मला वाईट वाटतं. न बोलणारा सेन्सर हा धोक्याचा इशारा म्हणूनच दाखवायला हवा. ट्रेलर बदलला की स्क्रीनवर नवा ट्रेलर निवडावा लागतो, तेही आपोआप व्हायला हवं होतं. एकदा ड्रायव्हर दोन दिवस यार्डात उभ्या असलेल्या दुसऱ्याच ट्रेलरचे शेवटचे आकडे बघत निवांत चालला होता. आता गेटवर ट्रेलरचा क्रमांक आणि स्क्रीनवरचा क्रमांक ताडल्याशिवाय गाडी सोडत नाही. बझर कर्कश आहे, पण मी तो कमी करू दिला नाही. एकाने त्यावर चिकटपट्टी लावली होती. त्याला मी त्या भाजलेल्या साइडवॉलचा कापून ठेवलेला तुकडा हातात दिला आणि तारांवरून बोट फिरवायला सांगितलं. पट्टी त्याने स्वतःच काढली.

युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून नव्या प्रकारच्या आणि जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या ट्रकला आणि जड ट्रेलरला हवेच्या दाबाची देखरेख बंधनकारक केली आहे. नवा ट्रेलर घेणाऱ्याने ही सोय कारखान्यातूनच, रिमच्या आत बसवलेल्या सेन्सरसह मागावी. आतला सेन्सर चोरीला जात नाही, नळीची भानगड नाही. फक्त टायर उतरवताना फिटरला आधी सांगावं लागतं, नाहीतर पट्टीने पहिला घाव त्यावरच बसतो. जुन्या ट्रेलरला बाहेरचेच बरे.

तुमच्याकडे दोनच गाड्या असतील, तुम्ही स्वतः रोज त्यांच्याभोवती फिरत असाल आणि गेज लावायला आळस करत नसाल, तर घाई करू नका. आधी चांगलं गेज, धातूच्या टोप्या आणि आतल्या टायरला धातूच्या वाढीव नळ्या घ्या. आतला व्हॉल्व्ह हाताशी आला की तो मोजलाही जातो. ट्रेलरची अदलाबदल होत असेल, रात्रीच्या फेऱ्या असतील, तर संच घ्या.

वस्तूला मी पाचपैकी चार देईन, तिच्यामागच्या सेवेला दोन. उरलेल्या सहा ट्रेलरसाठी ७२ सेन्सर परवा मागवले. नळ्या त्यांच्या नकोत म्हणून मागणीपत्रातच लिहिलं आहे, धातूच्या ३६ नळ्या आमच्या आम्ही आधीच बसवल्या. बसवणाऱ्या मुलांना पहाटे पाचला बोलावलंय, गाड्या आदल्या रात्रीपासून उभ्या राहतील, आणि मूळ आकड्यांचा कागद मी हाताने लिहून तयार ठेवला आहे.